घुबडाचं बिनआवाजी उडणं, आणि जखमी घुबड सापडलं तर

कडुनिंब

संक्रांतीच्या आगेमागे ‘घुबड सापडलंय, काय करू?’ अशी विचारणा सगळ्या गटांवर सुरू होते. खाली उत्तरं येतात: पाणी पाजा, हळद भरा, पिंजऱ्यात ठेवा. तिन्ही गोष्टी घुबडाला घातक आहेत, आणि त्या का घातक हे त्याचं पीस समजून घेतल्याशिवाय पटत नाही. म्हणून बिनआवाजी उडणं आणि प्रथमोपचार दोन्ही एकाच धाग्यात घेतो आहे.

गव्हाणी घुबड आणि पारवा वजनाला जवळपास सारखेच, तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. पण पारव्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत ६५-७० सेंमी, तर गव्हाणीचे ९० सेंमीच्या आसपास आणि वर चांगले रुंद. तेवढंच वजन एवढ्या मोठ्या पंखांवर तोललं जातं, त्यामुळे घुबडाला हवेत राहायला जोर लागत नाही. ते सावकाश उडू शकतं. हवेतून जाणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग अर्धा केला की आवाजाची शक्ती बत्तिसाव्या हिश्श्यावर येते, सुमारे १५ डेसिबलने खाली. निम्मं काम इथेच झालं.

उरलेलं काम पीस करतं. पंखाच्या सगळ्यात बाहेरचं लांब पीस हातात धरून उजेडासमोर आडवं करा. वाऱ्याला भिडणारी पुढची कड पारव्याच्या पिसासारखी गुळगुळीत दिसत नाही. तिथे फणीचे दात असतात, गव्हाणीत जेमतेम दोन-तीन मिमी लांब, टोकाला किंचित वर वळलेले, सगळे एका दिशेने. दुसरं, मागची कड. ती कापल्यासारखी सरळ संपत नाही. पिसाचे तंतू एकमेकांत न अडकता मोकळे सुटतात आणि शालीच्या दशांसारखी झालर होते. तिसरं, वरचा पृष्ठभाग. बोट फिरवलं की मखमल लागते, कारण तंतूंना फुटलेले उपतंतू घुबडात केसासारखे लांब वाढून उभे राहतात.

१९३४ साली ब्रिटनच्या आर. आर. ग्रॅहम यांनी फणी, झालर आणि मखमल अशा या तीन गोष्टी पहिल्यांदा एकत्र मांडल्या. फणी पंखावर येणाऱ्या हवेचे बारीक बारीक प्रवाह करते, त्यामुळे पंख बराच तिरका धरला तरी हवा पृष्ठभाग सोडून उसळत नाही. झालरीमुळे पंखाच्या वरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकदम आपटत नाही, हळूहळू मिसळते. मखमलीचं काम दुहेरी आहे. पृष्ठभागालगतची खळबळ ती शोषते, आणि पंख मिटता-उघडताना पिसावर पीस घासतं त्याची खसखस मारते. पारवा उडताना आपण ऐकतो त्यात या खसखशीचा वाटा मोठा असतो.

घुबड अजिबात आवाज करत नाही असं मात्र नव्हे. दोन हजार हर्ट्झच्या वरचा, म्हणजे सळसळ-सुरसुर जातीचा आवाज ते जवळजवळ पुसून टाकतं. खालच्या पट्टीतली हलकी ‘हूफ’ उरतेच. उंदराला नेमकी तीच पट्टी कमी ऐकू येते.

माळरान

छान मांडणी. दोन गोष्टींची भर घालतो.

बिनआवाजी उडणं भक्ष्याला चाहूल लागू नये एवढ्यापुरतं नसतं, स्वतःला ऐकू यावं म्हणूनही असतं. गव्हाणी घुबड मिट्ट काळोखात नुसत्या कानावर उंदीर पकडतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा वर असतो आणि खाली रोखलेला. उजवा खाली असतो आणि वर रोखलेला. आवाज खालून आला की वरून, हे त्यातून कळतं. पालापाचोळ्यातली कुरकूर ऐकत झेप घेताना आपलेच पंख वाजले तर नेम चुकणारच. बदामाच्या आकाराचा तो चेहरा म्हणजे आवाज कानाकडे वळवणारी थाळी, तीही पिसांचीच. शृंगी घुबडाची ‘शिंगं’ मात्र नुसते तुरे आहेत, त्यांचा कानाशी संबंध नाही.

दुसरं, सगळी घुबडं सारखी गप्प नसतात. हुमा घुबड मासे-खेकडे धरतं, आणि पाण्याखालच्या माशाला पंखांचा आवाज पोचत नाही. त्याच्या पिसांना ही मखमल-झालर नावालाच असते आणि ते उडताना चांगलं ऐकू येतं. आपल्या गावागावातला पिंगळा संध्याकाळी आणि पहाटे उजेडातही शिकार करतो, किडे खातो. त्याची फणी गव्हाणीइतकी ठळक नसते. म्हणून ‘याचे पंख वाजतात, म्हणजे मोडले असणार’ असा निष्कर्ष जात ओळखल्याशिवाय काढू नका.

जपानमध्ये ३०० किमी वेगाने धावणाऱ्या ५०० मालिकेच्या शिनकानसेन गाडीत, १९९७ पासून, छतावरच्या वीज घेणाऱ्या दांड्याला असेच दाते दिले होते. तो दांडा हवा कापताना मोठ्या भोवऱ्यांमुळे गर्जायचा. त्याचे छोटे भोवरे केले आणि आवाज उतरला. तत्त्व या फणीचंच.

हिरवा चाफा

वाचून एक भीती वाटली. पीस इतकं नाजूक असेल तर जखमी घुबड उचलतानाच आपण ते बिघडवत असू. मग उचलायचं कसं आणि ठेवायचं कशात?

कडुनिंब

नीट उचललं तर बिघडत नाही. बिघडतं ते नंतर, पिंजऱ्यात आणि मलमाने.

आधी दोन मिनिटं लांबून बघा. पंख पसरून, पिसं फुलवून, चोचीने टकटक करत ते डुलत असेल तर तो हल्ला नाही, भीती आहे. नुसतं फांदीवर बसलंय आणि कावळे ओरडतायत एवढ्यावरून ते जखमी ठरत नाही. दिवसा घुबड दिसलं की कावळे ओरडतातच. जमिनीवर बसलंय, माणूस जवळ गेला तरी उडत नाही, एक पंख लोंबतोय, डोकं कलतंय किंवा एक डोळा मिटलेला आहे, तर उचलायचं.

जुनी सुती चादर किंवा ओढणी घ्या. खरबरीत टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात आणि सोडवताना बोट मुरगळतं. मागून जा, कापड डोक्यासकट सगळ्या अंगावर टाका. अंधार झाला की ते बहुतेक वेळा निमूट बसतं. मग दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटलेल्या स्थितीत धरून उचला. धोका चोचीचा कमी, नखांचा जास्त. पाय मांडीजवळ, बोटांच्या वरच्या बाजूला धरा, दोन्ही पायांच्या मध्ये आपलं एक बोट ठेवून. पंजा तुमच्या हाताला बसलाच तर हिसका देऊ नका. तो आणखी आवळतो. त्याचा पाय सरळ ताणला की बोटं आपोआप सैल होतात.

छाती दाबू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत येते. घाबरून घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो.

ठेवायला पुठ्ठ्याचा खोका. पिंगळ्याला बुटांचा चालतो, गव्हाणीला साधारण ३० बाय ३० आणि उंची ४० सेंमी. भोकं खोक्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात पाडा, पेन्सिलएवढी, आठ-दहा, आणि पक्षी आत ठेवायच्या आधी. तळाला वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात. सुती कापडाची घडी घाला. तारेचा पिंजरा कधीच नको. तारांवर फडफडून बाहेरची पिसं तुटतात, म्हणजे वर सांगितलेलं फणीचं पीसच आधी जातं.

खोका घरातल्या सगळ्यात शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. टीव्ही नको, कुत्रं-मांजर नको, दर दहा मिनिटांनी झाकण उघडून फोटो नको.

तिन्हीसांज

वैद्यकीय बाजू मी लिहिते.

पाणी. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या लगेच मागे उघडते. ड्रॉपरने किंवा चमच्याने घातलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जातं. बेशुद्धीकडे झुकलेल्या पक्ष्याला गिळता येत नाही, आणि ‘दोन थेंब पाजले आणि गेला’ असं घडतं ते यामुळे. घुबडाला लागणारं पाणी मुख्यतः भक्ष्यातूनच मिळतं. शोष भरून काढायला कातडीखाली किंवा शिरेतून द्रव देतात. तो वजनावर मोजून, कोमट करून देतात आणि ते पशुवैद्यकाचं काम.

खाणं. गार पडलेल्या, शोष झालेल्या पक्ष्याचं पचन बंद पडलेलं असतं. पोटात मांस गेलं तर ते तसंच राहून सडतं. आधी ऊब, मग द्रव, मग अन्न हा क्रम उलटला की पक्षी हातचा जातो. पहिल्या रात्री काही खाल्लं नाही तरी मोठं घुबड तगतं. दूध-पोळी, दूध-भात तर कधीच नको. पक्ष्यांना दूध पचत नाही.

औषध. माणसाची वेदनाशामकं देऊ नका. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं कशी मेली ते सगळ्यांना माहीत आहे. फिनाईल, डेटॉल जखमेवर नको. हळद पिसांत बसते, जखमेवर थर धरते, आणि खाली काय आहे ते डॉक्टरला दिसत नाही. मलम, तेल, बाम यांतलं काहीही लावलं की मखमलीचे ते उभे तंतू एकमेकांना चिकटतात. चेहऱ्यावर लागलं तर ती ऐकण्याची थाळीच बिघडते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने तीन-चार मिनिटं हलका दाब द्या, त्याहून पुढे जाऊ नका.

ऊब. अंगाला हात लावून पक्षी गार लागला तर लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरून, कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको झालं तर त्याला सरकता येतं. आतली हवा २८-३० अंश पुरे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये खोली आधीच त्याहून तापलेली असते, तिथे बाटली लावू नका. चोच उघडी आणि गळा थरथरतोय, म्हणजे त्याला उकडतंय. डोक्याला मार असेल तर ऊब देऊच नका, मेंदूची सूज वाढते.

गाडीची धडक. घुबडं रस्त्यावरून खाली, बंपरच्या उंचीवर उडतात आणि मार डोक्याला बसतो. घुबडाचा डोळा नळीसारखा, भोवती हाडांचं कडं, खोबणीत फिरत नाही. त्यामुळे डोक्याचा धक्का डोळ्याला पुरा बसतो. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो आणि आत मागच्या भागात रक्त साचलेलं असतं. म्हणून ‘तासाभराने शुद्धीवर आलं, सोडून दिलं’ हे बरोबर नाही. आत डोकावणाऱ्या उपकरणाने दोन्ही डोळे तपासल्याशिवाय धडक बसलेलं घुबड सोडू नये. दोन्ही बाहुल्या वेगवेगळ्या आकाराच्या दिसल्या तर तसं डॉक्टरला सांगा.

मोडलेला पंख घरी बांधू नका. पंख अंगाला बांधताना पट्टी छातीच्या हाडावरून आवळली जाते आणि श्वास कोंडतो. चिकटपट्टी काढताना पिसं निघतात. अंधाऱ्या खोक्यात पक्षी हलत नाही, दवाखान्यापर्यंत तेवढा आधार पुरतो.

पाणवठा

मांजात अडकलेलं, टाकीत पडलेलं, उंदीर धरायच्या चिकट पुठ्ठ्याला चिकटलेलं, या तिन्हीत काय वेगळं करायचं? आमच्या भागात याच तीन तऱ्हा जास्त आहेत.

कडुनिंब

मांजा: ओढायचा नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा पातळ पडदा ताणलेला असतो, मांजा बहुधा त्यातच रुततो. ओढला की पडदा आणि आतला स्नायुबंध दोन्ही चिरतात, मग हाड शाबूत असूनही पंख उघडत नाही. आधी एकाने पक्षी कापडात धरायचा, मग दोन्ही बाजूंनी १०-१५ सेंमी शेपूट सोडून मांजा कात्रीने कापायचा. आतला तुकडा डॉक्टर काढतील. झाडावर उंच लटकलेलं असेल तर अग्निशमन दलाला बोलवा. खालून काठीने सोडवताना पंख पिळला जातो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी झाडांवर तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

टाकी: बदकासारखं घुबडाच्या पिसावरून पाणी ओघळून जात नाही. मखमल पाणी धरते. म्हणून गव्हाणी पावसात शिकार टाळते, आणि टाकीत पडली तर तिला वर उडता येत नाही. बाहेर काढून सुती कापडाने नुसतं टिपा, पुसू नका, केस वाळवायचं यंत्र लावू नका. मग खोका आणि बाटली. टाकीवर झाकण घाला. उघड्या हौदात किंवा शेततळ्यात एक खरबरीत फळी तिरकी सोडून ठेवा किंवा सुंभाचा जाड दोर टाका.

चिकट पुठ्ठा: पिंगळा अडकलेल्या उंदरावर झेपावतो आणि स्वतः अडकतो. ओढलं तर पिसं मुळासकट येतात. मोकळ्या डिंकावर पीठ किंवा कागदाचे तुकडे टाकून तो झाका, म्हणजे आणखी पिसं चिकटणार नाहीत, आणि पुठ्ठ्यासकट दवाखान्यात न्या. तिथे खाद्यतेलाने डिंक सोडवतात आणि मग तेल धुऊन काढतात, बऱ्याचदा दोन-तीन खेपांत. घरी नुसतं तेल लावून थांबलात तर निथळणारा, थंडीने काकडणारा पक्षी हातात राहतो.

माळरान

पिल्लांचं सांगायला हवं, कारण फेब्रुवारी ते एप्रिल सापडणाऱ्या ‘जखमी’ पिंगळ्यांत धडधाकट पिल्लं बरीच असतात. पाय भक्कम रोवून बसतंय, डोळे टपोरे, पंख दोन्हीकडे सारखे, रक्त नाही, तर त्याला दवाखाना नको, घर हवं. वर ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात हात पोचत असेल तर परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आईबाप टाकतात ही समजूत चुकीची आहे. ढोली पोचण्यापलीकडे असेल तर तळाला भोकं पाडलेली टोपली त्याच झाडाला आठ-दहा फुटांवर बांधा, आत सुका पाला घाला, आणि लांब जाऊन तिन्हीसांजेपासून तासभर बघा. पिंगळ्याची जोडी चारा घेऊन येते.

गव्हाणीचं वेगळं. जमिनीवर पडलेल्या पिल्लाला आईबाप सहसा भरवत नाहीत, ते घरट्यातच परत जायला हवं. ही पिल्लं जोरात फिसकारतात, वळचणीत नाग आहे समजून लोक काठ्या घेऊन येतात. तेवढं शेजाऱ्यांना सांगितलं तरी जीव वाचतात.

आणि पिल्लू पाळायला ठेवून चिकनचे नुसते तुकडे घालू नका. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. दोन-तीन आठवड्यांत पायाची हाडं वाकतात, ती पुन्हा सरळ होत नाहीत. निसर्गात ते उंदीर हाडं-केसांसकट गिळतं आणि केस-हाडांची गोळी ओकून टाकतं, तसंच खाणं लागतं.

हिरवा चाफा

अंगावर कुठेही जखम नाही पण नुसतं मलूल बसलेलं घुबड, हे काय असतं?

तिन्हीसांज

विषबाधेचा संशय घ्यायचा. ब्रोमॅडिओलोन या उंदीर मारायच्या विषाची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस हिंडतो, सुस्तावतो, उघड्यावर येतो. घुबडाला ते सगळ्यात सोपं सावज. ते विष रक्त गोठू देत नाही. तोंडाच्या आतला भाग पांढरट, एखाद्या पिसाच्या मुळाशी लहानसं ओरखडं आणि तिथलं रक्त थांबतच नाही, ही खूण. यावर जीवनसत्त्व के-१ चं इंजेक्शन आहे आणि वेळेत दिलं तर उपयोग होतो, म्हणून आसपास कोणती गोळी टाकली होती त्याचं पाकीट खोक्याबरोबर पाठवा. झिंक फॉस्फाईड या दुसऱ्या उंदीरविषाला असा उतारा नाही. विष घातलंच असेल तर मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा.

पाणवठा

सोपवायचं कोणाकडे? आणि बरं झाल्यावर सोडायचं कधी, कसं?

कडुनिंब

महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा क्रमांक. सगळी घुबडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात; सापडल्यापासून ४८ तासांच्या आत वन विभागाला किंवा पोलीस ठाण्याला कळवणं बंधनकारक आहे. पहिल्याच तासात कळवा, म्हणजे तुम्हालाही त्रास नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं उपचार केंद्र आहे, मुंबईत परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात पक्षी घेतात. तालुक्याला असाल तर वनपालाला कळवून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. खोक्यावर चिठ्ठी चिकटवा: नेमकी जागा, वेळ, काय झालं, तुम्ही काय दिलं किंवा नाही दिलं. ओळख नसलेला कुणी ‘आम्ही सांभाळतो’ म्हणून न्यायला आला तर, विशेषतः दिवाळीच्या तोंडावर, देऊ नका. करणी-भानामतीसाठी घुबडांचा व्यापार चालतो.

आणि हो, वर मी पीस उजेडासमोर धरायला सांगितलं, पण पडलेलं पीस बघून तिथेच ठेवा. ते घरी बाळगणं कायद्यात बसत नाही.

तिन्हीसांज

सोडण्याचं मी सांगते. हाड जुळणं हा मधला टप्पा असतो. बाहेरची पिसं तुटली असतील तर घुबड उडतं, पण वाजत उडतं, आणि वाजणारं गव्हाणी घुबड उपाशी राहतं. तुटलेल्या पिसाच्या बुडख्यात बांबूची किंवा कार्बनची बारीक सळई इपॉक्सीने बसवून त्यावर मेलेल्या घुबडाचं पीस जोडता येतं. पण तीच जात, तीच बाजू आणि तोच क्रमांक लागतो. उजव्याचं पीस डाव्याला चालत नाही, फणी उलटीकडे येते. हे जमलं नाही तर नवं पीस यायची वाट बघावी लागते आणि गव्हाणीत सगळी उड्डाणपिसं बदलायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणून पहिल्या तासात खोका की पिंजरा, हा प्रश्न इतका मोठा आहे.

सोडण्याआधी लांबट, जाळीऐवजी उभ्या पट्ट्यांच्या खोलीत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न धापता उडायला हवं आणि पाल्यातला जिवंत उंदीर अंधारात धरायला हवा. मग जिथे सापडलं तिथेच, कारण जोडीदार आणि ढोली तिथे असतात. पाऊस नसलेल्या, फटाके नसलेल्या दिवशी, सूर्य मावळल्यावर आणि कावळे झाडावर बसल्यावर. खोका जमिनीवर न ठेवता कट्ट्यावर किंवा भिंतीवर ठेवा, झाकण उघडा, दिवे बंद करा आणि पंधरा-वीस पावलं मागे जा. हवेत उडवू नका. काही घुबडं दोन मिनिटांत जातात, काही अर्धा तास कडेवर बसून मान फिरवत राहतात. बसू द्या. तासाभराने उडी मारून ते जमिनीवर आलं आणि चालायला लागलं, तर ते अजून तयार नाही. कापड टाकून उचला आणि परत न्या.